लेखनिकाची उसनी जाग

घरोघरी घड्याळं यायच्या कितीतरी आधीची, फार फार जुनी ही गोष्ट. एका राज्यात एक लेखनिक राहत होता. एका पोथीवरून दुसरी पोथी उतरवून काढणं हा त्याचा धंदा. अक्षर टपोरं, हात चालता, आणि माणूसही तसा वाईट नव्हता. फक्त स्वतःबद्दलचं त्याचं मत जरा जास्तच चांगलं होतं.

त्याची बायकोही लेखनिकाच्याच घरातली. वडिलांच्या शेजारी बसून ती लिहायला शिकली होती. तिचं अक्षर आणि नवऱ्याचं अक्षर शेजारी ठेवलं तर कोणतं कोणाचं हे सांगता येऊ नये, इतकं सारखं. पण दरबारातून बोलावणं यायचं ते त्याला. तिने घरात शाई घोटायची, बोरू तासायचे आणि त्याने लिहिलेलं प्रत्येक पान मूळ पोथीशी ताडून पाहायचं. कुठे चूक सापडली तर तिच्यावर हरताळाचा पिवळा लेप द्यायचा, आणि तो वाळला की वर बरोबर अक्षर लिहायचं. लेखनिकांच्या घरात चूक पुसायची तीच रीत होती.

त्या राज्यातल्या डोंगराकडच्या चोवीस गावांत दरवर्षी पावसाळा सरला की ताप पसरायचा. घरटी एखादं माणूस जायचं. एका वर्षी राजवैद्याला त्या तापावर एक रानकंद सापडला. कंद नवा, गावोगावच्या वैद्यांनी कधी न पाहिलेला. म्हणून तो कसा ओळखायचा, कसा उकळायचा, किती द्यायचा हे सगळं एका पोथीत लिहिलं गेलं. ताप यायच्या आत प्रत्येक गावात तिची एक प्रत पोहोचली पाहिजे, असं राजाने ठरवलं. लिहायला हाताशी दोन महिने होते.

एक प्रत नीट लिहायला पाच दिवस लागत. प्रधानाने साधा हिशेब केला. तीन लेखनिक बसवायचे, प्रत्येकाला आठ पोथ्या द्यायच्या, काम वेळेत संपेल. पण आपला लेखनिक उभा राहिला आणि म्हणाला, की चोवीसच्या चोवीस मी एकटा लिहीन. राजाने काम त्याच्यावर सोपवलं. राजलेखकाची जागा त्या वेळी रिकामी होती, हे जाता जाता सांगून ठेवतो.

त्याच्या डोक्यात हे खूळ एका प्रवाशाने भरलं होतं. धर्मशाळेच्या ओसरीवर बसून प्रवाशाने सांगितलं, की दूरदेशीच्या एका मठातली माणसं सलग झोपतच नाहीत. सहा घटिका काम करायचं, एक घटिका झोपायचं, अर्धी घटिका ध्यान करायचं, की पुन्हा कामाला. असं आठही प्रहर केलं तर एका माणसाकडून तिघांचं काम होतं. हे सांगून झाल्यावर प्रवासी जो आडवा झाला, तो दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावरच उठला. लेखनिकाने ते पाहिलं, पण मनावर घेतलं नाही.

आता घटिका मोजायची म्हणजे काय करायचं, तर पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी सोडायची. वाटीत हळूहळू पाणी चढतं आणि ती बुडते. बुडाली की एक घटिका झाली. मग ती काढायची, रिकामी करायची आणि पुन्हा सोडायची. दिवसरात्र मिळून साठ वेळा. लिहिणारा माणूस वाटीकडे बघत बसू शकत नाही आणि झोपलेल्याला वाटी बुडाल्याचं कळत नाही. तेव्हा घंगाळापाशी कोणीतरी बसायला हवं होतं.

लेखनिकाने बायकोला विचारलं, ''तू एवढं बघशील ना?'' ती हो म्हणाली. एवढं म्हणजे केवढं, हे त्याने सांगितलं नाही. त्याने ते मोजलंच नव्हतं.

पहिले काही दिवस त्याला अंगात वारं भरल्यासारखं वाटलं. वाटी बुडाली की बायको हाक मारायची, तो ताडकन उठायचा, डोळे मिटून ध्यानाला बसायचा. ध्यानात त्याला आपल्या डोक्यावर राजलेखकाची पगडी दिसायची. मग तो बोरू उचलायचा आणि पानामागून पान हातावेगळं करायचा. दोन दिवसांत एक पोथी पुरी झाली, तेव्हा आपल्याइतका हुशार माणूस या मुलखात दुसरा नाही, याबद्दल त्याची खात्रीच पटली.

दहाव्या-बाराव्या दिवशी बायको त्याला भीतभीतच म्हणाली, ''अहो, लिहिताना तुमची मान कलते. ओळी सुटतात. एकदा रात्रभर नीट झोपा.''

तो चिडला. म्हणाला, ''ती डुलकी नव्हे, ध्यानाची तंद्री आहे. तुला त्यातलं काय कळतंय? तू वाटी सांभाळ.''

ती वाटीकडे वळली. चोवीस गावांची माणसं त्या पानांवर अवलंबून होती आणि भांडत बसायला वेळ नव्हता. ती पानं ताडून पाहायची. आधी एका पानात एखादी चूक निघे, मग दहा निघू लागल्या. कधी तीच ओळ तीनदा लिहिलेली, कधी अर्ध्या पानावर नुसत्या रेघोट्या. तिने हरताळ लावला, दुरुस्त केलं. पुढे पुढे हरताळ लावण्यासारखंही काही उरेना. मग ती नवं पान घेऊन ते पहिल्यापासून लिहून काढू लागली. एक डोळा पानावर, एक वाटीवर. स्वयंपाक, पाणी, झाडलोट ही कामं होतीच. ती कधी झोपत होती, हे लेखनिकाने विचारलं नाही. तुमच्यापासून लपवून काय उपयोग, ते त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

चोवीस पोथ्या मुदतीच्या आत तयार झाल्या. राजाने भर दरबारात त्याला पगडी बांधली आणि राजलेखक केलं. त्याची कीर्ती पोथ्यांच्या बरोबरीने गावोगाव गेली. लोक त्याच्याकडे युक्ती विचारायला येऊ लागले. तो चावडीवर बसून सांगायचा, ''झोप ही नुसती सवय आहे. मनाचा निग्रह असला की माणूस एकटा तिघांचं काम करतो.'' एकटा या शब्दावर तो जरा थांबायचा. घरी घंगाळ आणि वाटी तशीच चालू होती, कारण राजलेखकाला आता आणखी पोथ्या लिहायच्या होत्या.

पावसाळ्याचा जोर ओसरला. ताप यायला अजून महिनाभर असेल, तेव्हा डोंगरातल्या एका गावाहून डोली आली. तिच्यात त्या गावची म्हातारी वैदीण होती. तिला चौघांनी धरून दरबारात बसवलं. तिची जीभ अजून जड होती आणि उजवा हात सारखा थरथरत होता. तिच्या गावात अशी चाल होती, की नवं औषध रोग्याला द्यायच्या आधी वैद्याने स्वतः घ्यायचं. तिने पोथीत लिहिल्याप्रमाणे कंद उकळून घेतला आणि तीन दिवस बेशुद्ध पडली.

राजवैद्याने तिची पोथी मूळ पोथीशेजारी ठेवली. मुळात लिहिलं होतं, की कंद चिमूटभर घ्यावा आणि खालच्या ओळीत, गूळ मूठभर घ्यावा. म्हातारीच्या पोथीत मधला मजकूर गळला होता आणि कंदच मूठभर घ्यावा असं झालं होतं. अक्षर लेखनिकाच्या वळणाचं, पान स्वच्छ, हरताळाचा ठिपकासुद्धा नाही.

बाकीच्या तेवीस पोथ्यांत काय असेल, हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर दिसत होता.

म्हातारी रागावली नाही. अडखळत एवढंच म्हणाली, ''बाबा, हे पान लिहिताना तू जागा होतास का?''

आणि लेखनिकाच्या तोंडून काय निघालं, ऐका. तो म्हणाला, ''पानं ताडून पाहण्याचं काम माझ्या बायकोचं आहे. चूक तिची आहे.''

राजाने तिला आणायला शिपाई पाठवला. तो थोड्याच वेळात धावत परत आला. म्हणाला, ''महाराज, बाई घंगाळापाशी पडल्यात. किती हाका मारल्या, उठत नाहीत.''

लेखनिक पगडी सांभाळत धावला, मग पगडी पडली ती तशीच टाकून धावला. मागोमाग म्हातारीची डोली आली. घंगाळाच्या काठावर गाल टेकून बायको बसल्या जागी कलंडली होती. वाटी तळाशी बुडून गेली होती, कोणी काढली नव्हती. म्हातारीने थरथरत्या हाताने तिची नाडी धरली, पापणी उघडून पाहिली आणि म्हणाली, ''हिला रोग काही नाही. ही झोपलीय. महिनोन्महिन्यांची झोप साठलीय, उठवू नकोस.''

त्याने तिला उचलून अंथरुणावर ठेवलं, तेव्हा ती किती हलकी झाली आहे हे त्याच्या हातांना कळलं. तिच्या जागी तो खाली बसला. तिथे भिंतीशी फडक्यात बांधलेला पानांचा गठ्ठा होता. त्याने लिहिलेली आणि तिने बाद केलेली पानं. तो एकेक पान उलटू लागला. कुठे निम्मी ओळ घसरत कोपऱ्यात गेलेली, कुठे एकच शब्द वीस वेळा. हे आपणच लिहिलं आहे हे त्याला आठवतही नव्हतं. त्याने गठ्ठा संपेपर्यंत मोजलं. चोवीस पोथ्यांतली निम्म्याहून जास्त पानं तिच्या हातची होती. त्याची स्वतःची धड पानं जेमतेम आठ पोथ्यांची भरली. कंदाच्या मापाचं पान गठ्ठ्यात एकदाही नव्हतं, म्हणजे ते दर वेळी त्याच्याच हातचं गेलं होतं. रोज रात्री झोपून, रोज सकाळी उठून त्याने साधेपणाने काम केलं असतं, तर यापेक्षा जास्त झालं असतं.

पण त्याला जाळत होती ती ही गोष्ट नव्हे. दरबारात त्याने जे वाक्य म्हटलं होतं, ते त्याला पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. त्या वाक्याची त्याला इतकी लाज वाटली, की घरात पाहणारं कोणी नसताना त्याने तोंड झाकून घेतलं.

ती दोन दिवस झोपली. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले आणि आधी तिचा हात चाचपडत घंगाळाकडे गेला. म्हणाली, ''किती घटिका झाल्या?''

त्याने तो हात धरला. तो म्हणाला, ''मी दरबारात तुझं नाव घेतलं. चूक तुझी म्हणून सांगितलं.''

ती शांतपणे म्हणाली, ''दरबारात माझं नाव तुम्ही पहिल्यांदाच घेतलंत.''

एखाद्याने शंभर लोकांत थोबाडीत मारली असती तरी त्याला इतकं लागलं नसतं.

तो तसाच उठून दरबारात गेला. पगडी नव्हतीच. किती पानं कोणाची, कोण जागं राहिलं, चूक कोणी केली आणि कोणाच्या माथी मारली, सगळं त्याने सांगितलं. राजाने विचारलं, की आता शिक्षा काय द्यावी. तो म्हणाला, की मला चोवीस गावं फिरू द्या. राजाने राजवैद्याची मूळ पोथी त्याच्या हवाली केली, आणि ती त्याच्या ताब्यात एकटी नको म्हणून बरोबर एक शिपाई दिला. तोही अपमान त्याने खाली मान घालून गिळला.

मग तो गावोगाव चालत गेला. प्रत्येक गावात वैद्यासमोर आणि जमलेल्या लोकांसमोर त्याला तेच सांगावं लागे, ''ही पोथी मी झोपेत लिहिली आहे. मला ती पुन्हा तपासू द्या.'' पहिल्या गावात त्याने हे जमिनीकडे बघत सांगितलं. वाटलं होतं, पुढे सवय होईल. झाली नाही. काही ठिकाणी लोक हसले, एका ठिकाणी एका बाईने पोथी त्याच्या अंगावर फेकली. त्याने ती उचलली, झटकली आणि ओळ न् ओळ ताडून पाहिली. रात्र झाली की तो झोपायचा आणि उजाडल्यावर कामाला लागायचा. आणखी दोन पोथ्यांत तीच चूक निघाली. ती त्याने हरताळ लावून सुधारली. ताप यायच्या चार दिवस आधी तो शेवटच्या गावात पोहोचला.

त्या गावातला सोनार त्याला पाहून आनंदाने पुढे आला. पोथीबरोबर आलेली कीर्ती तिथे पोहोचली होती, पण तिच्यामागची बदनामी अजून आली नव्हती. सोनार म्हणाला, ''राजलेखक, तुमची युक्ती मी महिन्यापासून पाळतोय. सहा घटिका काम, एक घटिका झोप, मग ध्यान. दुप्पट दागिने घडवतो.''

लेखनिकाने त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. माजघरात घंगाळाशेजारी एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. डोळे लाल झालेले आणि नजर पाण्यावर. मान कलली की ती स्वतःच्याच हाताला चिमटा काढत होती.

''त्या कोण?'' त्याने विचारलं.

''माझी आई. वाटी बघते.''

''आणि त्या झोपतात कधी?''

सोनाराने वळून आईकडे पाहिलं. त्याला ठाऊकच नव्हतं. हळूहळू त्याची मान खाली गेली. तो चेहरा लेखनिकाला चांगलाच ओळखीचा होता. लेखनिकाने घराबाहेर पायताणं काढली, आत गेला आणि म्हातारीच्या पायाशी बसून म्हणाला, ''आई, तुम्ही आता झोपा. हे मी शिकवलं होतं. माझं चुकलं.''

मुलांनो आणि मोठ्यांनो, गोष्टीचं सार एवढंच: आपण वाचवलेला वेळ दुसऱ्या कोणाच्या झोपेतून कापलेला नाही ना, हे आधी पाहावं आणि मगच आपल्या कष्टांचा अभिमान धरावा.