वस्तादाचं टोपडं

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाचे राजे मेले, त्यांचे पुतळे झाले आणि पुतळ्यांची नाकंही झिजून गेली.

त्या काळी एका राज्यात चेंडूफळीचं भारी वेड होतं. एकानं चेंडू फेकायचा, दुसऱ्यानं फळीनं तो टोलवायचा आणि बाकीच्यांनी उन्हात पळायचं. एवढ्याशा खेळासाठी शहाणीसुरती माणसं कामधंदा टाकून पारावर भांडत बसायची. हसू नका. तुमच्या घरातही असला एक जण आहे आणि तो आत्ता मान खाली घालून बसलाय.

प्रत्येक पाठशाळेचा संघ असे. दसऱ्याला हंगाम सुरू होई आणि होळीला शेवटचा सामना राजासमोर होई. नदीकाठच्या पाठशाळेत फेक्यांसाठी वेगळा वस्ताद होता. फळीवाल्यांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. चार फेके त्याच्या ताब्यात. आज कोणी फेकायचं, उद्या कोणी विसावा घ्यायचा, कोणाच्या खांद्याला किती तेल लावायचं, हे सगळं तो ठरवी.

वस्ताद वाईट नव्हता. हे आधीच सांगतो, नाहीतर गोष्ट संपायच्या आत तुम्ही त्याला फाशी द्याल. तो स्वतः तिळाचं तेल कोमट करून पोरांचे खांदे चोळायचा. आज ज्यानं सामना फेकला, त्याला उद्या चेंडूला शिवू द्यायचा नाही. पण थट्टा केल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. खोड म्हणायची तर एवढीच.

चौघांत सरस केरबा. नावाड्याचा मुलगा. त्याचा चेंडू सरळ यायचा आणि ऐन फळीपुढे आला की दमल्यासारखा खाली बसायचा. फळीवाला वारा झोडत राही. केरबाचा बाप थकला होता. बापलेकांचं ठरलं होतं, होळीपर्यंत चेंडू आणि होळीनंतर वल्हं. त्या एका उजव्या हाताची घरातली सगळी तोंडं वाट बघत होती.

रोज संध्याकाळी सराव संपला की वस्ताद पोरांना अंगणात बसवून विचारी, "बोला रे, कोणाचं काय दुखतंय?"

हंगामाच्या सुरुवातीलाच गेनू नावाचा एक काटकुळा फेक्या म्हणाला, "वस्ताद, माझा खांदा ठणकतोय."

वस्ताद उठला, आत गेला आणि तान्ह्या बाळाचं घुंगरू लावलेलं टोपडं घेऊन आला. ते त्यानं गेनूच्या डोक्यावर चढवलं आणि हनुवटीखाली नाडी बांधली.

"अगं बाई, बाळ रडलं! पाळणा हलवा रे कोणीतरी!"

पोरं लोळायची बाकी राहिली. केरबानं तर "जो जो" म्हणायला सुरुवात केली. शाळेतले पंडितसुद्धा खांबाआड तोंड लपवून हसले, म्हणजे बघा. गेनूही हसला. न हसून करतो काय!

थट्टा झकास होती, मी नाही कशाला म्हणू? आणि नंतर वस्तादानं गेनूला दुप्पट तेल चोळलं, आठवडाभर विसावाही दिला. पण तेल कोणाच्या लक्षात राहिलं नाही. टोपडं राहिलं. ते अंगणातल्या खुंटीला टांगलेलं असे आणि वारा आला की त्याची घुंगरं वाजत.

दुसऱ्या दिवशी वस्तादानं विचारलं, "बोला रे, कोणाचं काय दुखतंय?"

चौघांनी आधी खुंटीकडे पाहिलं. मग एका सुरात म्हणाले, "सगळं ठणठणीत, वस्ताद!" तेलाची वाटी पुढे आली, तरी 'आमचं आम्ही चोळतो' म्हणू लागले.

संघ जिंकत सुटला. दुसऱ्या पाठशाळांचे फेके कधी खांदा धरून, कधी कोपर धरून घरी बसत. यांचे कधीच नाही. वस्ताद बाजारात मिशीवर हात फिरवून सांगे, "माझी पोरं लोखंडाची आहेत. विचारून बघा हवं तर. मी रोज विचारतो!"

आता लोखंडाचं काय चाललं होतं ते ऐका.

संक्रांतीच्या सुमारास केरबा डाव्या हातानं जेवायला लागला. वस्तादानं ते पाहिलं. "काय रे, जावई? उजवा हात रुसला का?"

"नाही, वस्ताद. डाव्यानं घास छोटा येतो. पोट सुटायला लागलंय ना!"

पंगत हसली. वस्ताद सगळ्यांत मोठ्यानं हसला. त्यानंच शिकवलेली विद्या होती ती. दुखणं थट्टेच्या घोंगडीत गुंडाळलं की वर काही दिसत नाही.

पुढे केरबाला मुंडासं बांधता येईना. हात डोक्यापर्यंत जाईना. मुकिंदा नावाचा दुसरा फेक्या रोज पहाटे त्याचं मुंडासं बांधून देई. मुकिंदाचा स्वतःचा कोपर सुजून सरळ होत नव्हता. तो पाणी प्यायला लागला की केरबा त्याचा तांब्या खालून धरी. चौथा गोंदा. त्याच्या बोटांना मुंग्या येत आणि कधीकधी चेंडू सुटला तरी त्याला कळत नसे. चौघांना चौघांचं माहीत होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त रोज विचारणाऱ्याला.

होळीचा सामना दोन दिवसांवर आला. चेंडूंची गोणी आणि फळ्या वाहून न्यायला पाठशाळेचं एक गाढव होतं. त्या काळी गाढवं बोलत. हल्लीही बोलतात, पण तो विषय वेगळा. वस्ताद चारा टाकायला गोठ्यात गेला, तेव्हा गाढव म्हणालं, "वस्ताद, माझा मागचा खूर दुखतोय."

वस्तादानं खूर उचलून पाहिला. आत खडा रुतला होता. त्यानं तो काढला, हळद भरली आणि म्हणाला, "परवा तू येऊ नकोस. पडून राहा."

"उपकार झाले," गाढव म्हणालं. "पोरांनाही एकदा विचारा."

"रोज विचारतो की!"

"कुठं विचारता?"

"अंगणात. सगळ्यांदेखत. माझ्यात लपवाछपवी नाही."

"मी तुम्हाला गोठ्यात सांगितलं," गाढव म्हणालं. "आणि इथं खुंटीला फक्त दावं असतं."

वस्ताद हसला. मग त्याचं हसू थोडं थोडं करून ओसरलं. तो तसाच उठला आणि केरबाच्या खोलीत गेला. केरबा एकटाच होता. वस्तादानं दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "केरबा, लेका, खरं सांग. हात दुखतोय का?"

केरबाच्या सगळं अगदी ओठांवर आलं होतं. पण हंगामभर तो याच माणसाच्या हाताखाली वाढला होता. तो उठला, दाराशी गेला आणि दार उघडून बाहेर डोकावला.

"पोरं कुठं लपवलीत, वस्ताद? आणि टोपडं? पाठीमागं धरलंय ना?"

"नाही रे. शपथ घेतो."

"मागच्या महिन्यातही शपथ घेतली होतीत आणि माझ्या चुलत भावाचं पत्र म्हणून मला माकडाचं चित्र दिलंत." केरबा हसला. "ठणठणीत आहे, वस्ताद. लोखंड!"

वस्तादानं हात पुढे करून तो खांदा दाबून पाहायला हवा होता. त्याची बोटं जाणती होती, त्यांना क्षणात कळलं असतं. पण परवा सामना होता, राजा येणार होता आणि ऐकायचं होतं तेच उत्तर मिळालं होतं. तो मोकळा श्वास घेऊन निघून गेला.

होळीच्या दिवशी चेंडूंची गोणी आणि फळ्या फेक्यांनी खांद्यावरून वाहून नेल्या. गाढवाचा खूर दुखत होता ना!

मैदान माणसांनी भरलं. राजा मांडवात येऊन बसला. केरबानं चेंडू घेतला. पहिले काही चेंडू त्यानं दात आवळून फेकले. चेंडू नेहमीसारखे खाली बसत होते आणि लोक ओरडत होते. मग तो एकदा मागे वाकला, सगळं अंग पुढे झोकलं, आणि वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला.

समोरच्या फळीवाल्यानं आपली फळी उलटीपालटी करून पाहिली. फळी शाबूत होती.

केरबाचा हात खांद्याखाली नको तिथं वाकून लोंबत होता. चेंडू कुठंतरी जाऊन गवतात पडला होता. वस्ताद धावत पोहोचला, तेव्हा केरबा गुडघ्यांवर बसला होता. तोंड चुन्यासारखं पांढरं, आणि तरी तो हसत होता.

"वस्ताद," तो म्हणाला, "टोपडं आणलंय ना?"

कोणी हसलं नाही.

केरबाला झोळीत घालून नेलं. वस्तादानं वळून हाक मारली, "मुकिंदा, चेंडू घे."

मुकिंदा जागचा हलला नाही. "कोपर सरळ होत नाही, वस्ताद. संक्रांतीपासून."

"गोंदा?"

गोंदानं हाताची बोटं पुढे केली. "चेंडू हातात आहे की नाही तेच कळत नाही." गेनूनं न सांगता चेंडू उचलला, पण कानाच्या वर त्याचा हात गेलाच नाही. चेंडू त्याच्याच पायावर पडला.

राजा उठला आणि निघून गेला.

हाडवैद्यानं केरबाचा हात बांधला. "हाड जुळेल," तो म्हणाला, "पण आतलं सगळं फाटलंय. या हातानं घास खाईल. वल्हं मारायचं नाव काढू नका."

चार दिवसांनी केरबाचा बाप त्याला न्यायला आला. म्हातारा स्वतः नाव वल्हवत आला होता आणि त्याला धाप लागली होती. वस्ताद त्याच्यापुढे हात जोडून उभा राहिला. शिव्या ऐकायची त्याची तयारी होती. म्हाताऱ्यानं शिव्या दिल्या नाहीत. त्यानं एवढंच विचारलं, "वस्ताद, हंगामात एकदा तरी तो म्हणाला असेल ना, दुखतंय म्हणून?"

"नाही हो," वस्ताद म्हणाला. "एकदाही नाही. मी रोज विचारायचो."

म्हाताऱ्यानं लेकाचं गाठोडं उचललं.

"नवल आहे," तो म्हणाला. "घरी होता तेव्हा पायात काटा मोडला तरी बोंबलून आळी गोळा करायचा."

त्यानं लेकाला डाव्या हाताला धरून नावेत बसवलं आणि वल्हं उचललं.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: दुखणं सांगणाऱ्याला जिथं हसतात, तिथं दुखणं गप्प राहतं आणि हाड मोडल्यावरच बोलतं.