खुणेचे पान

मुलांनो, माळालगतच्या एका जंगलात, एका खडकावर, एक टिटवी राहत असे. त्या जंगलाची एक रीत होती. आपल्या बिळातले जे इतरांसाठी दाराबाहेर ठेवायचे, ते वेगवेगळ्या द्रोणांत ठेवायचे आणि प्रत्येक द्रोणावर त्या त्या झाडाचे पान खोचायचे, म्हणजे घेणाऱ्याला आत काय आहे ते कळे. ही रीत पाळली जाते की नाही, हे पाहण्याचे काम टिटवीकडे होते. पान नसले की ती दाराशी जाऊन ओरडे आणि पान खोचेपर्यंत हटत नसे. साहजिकच ती कोणालाच आवडत नसे. संध्याकाळी सगळे वडाखाली गप्पा मारत, तेव्हा ती खडकावर एकटीच बसलेली असे. खालून येणारे हसणे ऐकून तिला फार वाईट वाटे.

एके सकाळी साळिंदराने सोललेल्या कंदांचे तुकडे एकाच द्रोणात ढीग करून ठेवले. टिटवीने चोच उघडली, तोच तो म्हणाला, "टिटवीबाई, सगळे कंदच आहेत. ज्याला जे म्हणायचे ते म्हणू दे. आज तेवढ्या गप्प बसा आणि संध्याकाळी वडाखाली या."

वडाखाली या! असे तिला कधीच कोणी म्हटले नव्हते. बिचारी विरघळली आणि गप्प बसली.

संध्याकाळी ती हौसेने वडाखाली गेली, तर तिथे रडारड चाललेली. सशिणीने साळिंदराच्या ढिगातला तुकडा गोड कंद समजून पिलाला भरवला होता, आणि तो निघाला घसा सुजवणाऱ्या कच्च्या रानसुरणाचा. पिलाचा घसा सुजला होता, धाप लागली होती. माकडाने धावत चिंच आणली. ती चाटवून चाटवून पिलू कसेबसे वाचले. टिटवीला तिथे बसवेना. ती खडकावर परतली.

दुसऱ्या सकाळी ती साळिंदराच्या दाराशी अशी काही ओरडली की सारे जंगल जागे झाले. "पान! आधी पान!" साळिंदराने मान खाली घालून कंद वेगळे केले आणि पाने खोचली. वडाखाली तिला पुन्हा कोणी बोलावले नाही. पण सशीण पिलाला घेऊन खडकापाशी आली आणि म्हणाली, "टिटवीताई, उद्यापासून सगळ्यांत आधी आमच्या दाराशी ओरडा हं."

तात्पर्य : इतरांसाठी बाहेर ठेवायची वस्तू तिच्या नावाखुणेनिशीच ठेवावी, आणि चूक दाखवणाऱ्याने चार जणांत बसायला मिळावे म्हणून गप्प राहू नये. मोठेपणी तुम्ही संगणकाचे प्रोग्राम लिहाल, तेव्हा त्यातला एखादा भाग इतरांना वापरायला देताना तो कोणत्या प्रकारचा आहे हे लिहिले नाहीत, की ओरडणारी एक टिटवी, म्हणजे चुका तपासणारा दुसरा प्रोग्राम, तिथेही असेल. तिला गप्प करू नका.