निळी भिंत आणि कंदील

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की त्या गावाची नदीसुद्धा आता वाट बदलून गेली आहे. तिथे सोनबा रंगारी राहायचा. उरलेला रंग ओतून द्यायचा नाही, ही रंगाऱ्यांची रीत. म्हणून पिंपात राहिलेली नीळ तो दर दिवाळीला भिंतीवर फासायचा. होता होता भिंत काळीभोर झाली.

आढ्याला टांगलेल्या कंदिलाला ते सहन होईना. दिवेलागण झाली की तो खेकसायचा, "माझा सगळा उजेड गिळतेस! थांब, उद्या चुना लागला की कळेल."

"लांबून काय ओरडतोस बाबा? जरा जवळ ये की," भिंत म्हणायची.

एका संध्याकाळी, घर फारच अंधारं वाटतं म्हणून, सोनबाने खरंच चुना भिजत घातला. कंदील चेवाने इतका भडकला, की त्याचीच काच काजळली आणि घरात काळोख झाला.

"काय झालं मेल्याला!" म्हणत सोनबाच्या बायकोने, गोजराने, कंदील उतरवला. राखेने काच घासली, वात बारीक केली आणि तो भिंतीच्या खुंटीला अडकवला.

भिंतीवर हळूहळू निळाई उमलली. जुन्या दिवाळ्यांचे कुंच्याचे फटकारे लाटांसारखे हलू लागले. तिचं रांगतं बाळ त्या पाण्यात हात बुडवायला निघालं. आपला एवढासा उजेड इतका सुंदर असतो, हे कंदिलाला ठाऊकच नव्हतं.

तेवढ्यात सोनबा चुन्याची बादली घेऊन आत आला. कंदिलाची ज्योत थरथरली.

"राहू द्या हो," गोजरा हळूच म्हणाली. "आभाळाला कुणी चुना फासतं का?"