गळकी नाव आणि सावध अधिकारी

नदीकाठच्या एका राज्यात एका वृद्ध आचार्यांचा शिष्य राजाचा खरेदी-अधिकारी झाला. घाटावरची नाव जुनी होऊन गळू लागली होती. पलीकडच्या गावातली माणसे वैद्याकडे यायची ती याच नावेतून. नवी नाव घेणे, हे शिष्याचे पहिले काम. पण त्याच्या आधीच्या अधिकाऱ्याने घेतलेले धान्य किडके निघाले होते आणि त्याला भर दरबारात पदच्युत केले होते. शिष्याने ते डोळ्यांनी पाहिले होते.

त्यामुळे तो सावध झाला. इतका, की सांगतानाही वैताग येतो! सुताराने लाकूड आणले, तर ते कोणत्या रानातले याचा दाखला हवा. दाखला आला, तर त्यावर वनाधिकाऱ्याची मोहर हवी. मोहर मिळाली, तर सुतार पळून गेला तर काय, म्हणून जामीन हवा. जामीन आणला, तर त्या जामिनालाही जामीन! हेलपाटे घालून सुतार मेटाकुटीला आला. पावसाळा तोंडावर आला, तरी लाकूड अंगणातच पडून होते.

हे आचार्यांच्या कानावर गेले. ते सरळ घाटावर आले, जुन्या नावेत जाऊन बसले आणि शिष्याला बोलावून म्हणाले, "ये, पलीकडे जाऊ."

"आचार्य, उतरा! ही नाव गळते."

"तुला ठाऊक आहे तर! मग बस."

गुरूंची आज्ञा मोडवेना. नाव मध्यावर आली आणि पाणी घोट्यापर्यंत चढले. शेजारी वैद्याकडून परतणारी एक बाई तापाने फणफणलेले मूल एका हाताने पोटाशी धरून, दुसऱ्या हाताने करवंटीने पाणी उपसू लागली. शिष्याने तिच्या हातातली करवंटी घेतली आणि धापा टाकत तो पाणी उपसत राहिला.

आचार्य संतापून म्हणाले, "अरे, लाकूड कुजेल, सुतार पळेल, जामीन बुडेल, सगळे धोके तुला दिसले. नाव वेळेवर आली नाही तर काय, हा एवढा धोका दिसला नाही. कारण तो तुझा नव्हता, हिचा होता. तू फक्त आपले पद सांभाळत बसलास."

शिष्याची मान खाली गेली. "मग तपासणी करूच नको का?"

"कर ना! पण पाणी जिथून शिरते तिथे कर."

दुसऱ्या दिवशी शिष्याने अंगणातल्या लाकडाची एकेक फळी स्वतः ठोकून पाहिली. बाकीचे दाखले बाजूला सारून एकच अट ठेवली: पहिल्या फेरीत सुताराने घरच्यांसह बसायचे आणि नाव विकत घेणाऱ्या अधिकाऱ्यानेही.

सुतार हसला. "त्यात काय, मालक! सासूलासुद्धा बसवतो." मग जरा थांबून म्हणाला, "तळाला एक फळी जास्तीची घालतो."

पावसाआधी नाव पाण्यात उतरली. पहिल्या फेरीत सुतार होता, त्याची सासू होती, शिष्य होता. ती बाईही मुलाला घेऊन आली होती. मध्यावर येताच तिचा हात सवयीने करवंटी शोधू लागला. तिने खाली पाहिले. तळ कोरडा होता. मग तिने मुलाला दोन्ही हातांनी जवळ घेतले.