तांदळाच्या कणीएवढं आमिष

फार फार पूर्वी, उंच डोंगरांच्या कुशीत एक गाव होतं. तिथली थंडी अशी, की गावचं तळं या काठापासून त्या काठापर्यंत गोठून जायचं आणि माणसं त्यावरून खुशाल चालायची. बर्फाला कळशीच्या तोंडाएवढं भोक पाडायचं, त्यातून गळ सोडायचा आणि तळहाताएवढे चपटे मासे धरायचे. हिवाळाभर गाव त्यावरच जगायचं.

त्या गावात एक तांबट घरजावई म्हणून आला. हसू नका, मंडळी, माणूस गुणाचा होता. त्याने ठोकलेल्या हंड्यात तोंड पाहून केस विंचरावेत. आणि बायकोवर त्याचा भारी जीव होता.

पहिल्याच हिवाळ्यात बायको तापाने आजारी पडली. ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली ती गेलीच. वैद्यबुवा म्हणाले, "औषधाचं काम संपलं. आता ताज्या माशाचं सार पोटात गेलं, तरच ही उठेल."

शेजारणीने एक मासा आणून दिला. तांबटाला सार म्हणजे पचपचीत पाणी वाटलं. त्याने आपल्या आवडीचं झणझणीत कालवण केलं आणि वाडगा काठोकाठ भरून बायकोपुढे धरला. तिने मान फिरवली.

"अगं, खा ना! एवढं तुझ्यासाठी केलं!" तो चिडून म्हणाला. ती डोळे मिटून पडून राहिली.

शेजारीण तरी रोज कुठून देणार? तिच्याही घरात खाणारी तोंडं होतीच. तेव्हा तांबट स्वतःच कामाला लागला. त्याने तांब्याची बोटभर मासोळी घडवली. तिला खवले कोरले, लाल मण्यांचे डोळे बसवले, कोंबड्याच्या पिसांची शेपटी लावली आणि पोटाखाली गळ जोडला. तळ्यावर तिला पाहायला सगळं गाव जमलं. तांबटाने ती पाण्यात सोडली आणि झटके देऊन अशी नाचवली की पाणी घुसळून निघालं.

मासे आले, लांबून बघून निघून गेले. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी त्याने मासोळीला घुंगरू बांधलं. मग तर मासे बघायलाही येईनात. इकडे बायकोच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या.

पाचव्या दिवशी म्हातारी सासू काठी टेकत बर्फावर आली.

"जावईबापू, हे इतकं देखणं कुणासाठी केलंत?"

"माशांसाठी, सासूबाई."

"मला वाटलं, बघायला येणाऱ्यांसाठी."

तांबटाचं तोंड एवढंसं झालं. म्हातारी मात्र टोचायला आली नव्हती. शेजारच्या भोकाशी एकाने मासे साफ केले होते. तिथे टाकलेलं माशाचं एक पोट तिने उचललं, नखाने फाडलं आणि तळहात त्याच्यापुढे धरला. त्यात तांबूस अळ्या होत्या, तांदळाच्या कणीएवढ्या.

"उन्हाळ्यात हाच मासा तुमच्या मासोळीवर झडप घालेल," ती म्हणाली. "आता तो गारठलाय. धावायचं त्राण नाही, मोठा घास झेपत नाही. भूक आहे हो त्याला, पण एवढीच."

तांबटाने तांब्याच्या तारेचा तुकडा तोडून कणीएवढं आमिष केलं, बारीक गळाला लावलं आणि पाण्यात सोडलं. सवयीने हात झटका द्यायला गेला. सासूने त्याचं मनगट धरलं.

"नाचवू नका. जरासं थरथरू द्या. मग थांबा."

थांबणं त्याला हातोडा चालवण्याहून जड गेलं. बोटं बधिर झाली. मग दोरा ओढला गेला नाही, नुसता सैल पडला; माशाने आमिष अलगद वर उचललं होतं. "आता!" म्हातारी कुजबुजली. त्याने दोरा वर घेतला, आणि पहिला मासा बर्फावर तडफडला.

तांबट धावतच घरी आला. मिरच्या काढल्या, खोबरं काढलं, पाटा मांडला. आणि त्याला म्हातारीचा तो तळहात आठवला. पाच दिवस तळ्यावर जे केलं, तेच आपण घरातही करत होतो! त्याने मिरच्या परत डब्यात टाकल्या. पातळ सार उकळलं, वर चिमूटभर मीठ घातलं.

वाडगा न भरता त्याने एक लहानसा चमचा घेतला. बायकोच्या ओठांना सार नुसतं लावलं. "खा" म्हणाला नाही. तसाच बसून राहिला.

बऱ्याच वेळाने तिचे ओठ हलले. एक घोट गेला. मग आणखी एक. चौथ्या घोटानंतर तिने डोळे उघडले आणि क्षीण आवाजात म्हणाली, "अहो, मीठ कमी पडलंय."

तांबट लहान मुलासारखा रडला.

तळ्यावरचा बर्फ वितळला, तेव्हा ती स्वतःच्या पायांनी काठावर येऊन उभी राहिली. ती तांब्याची मासोळी तिने हौसेने घराच्या दारावर टांगली. येणारा-जाणारा थांबून तिचं कौतुक करायचा. तांबट मात्र मासोळीकडे बघून ओशाळं हसायचा आणि चुलीपाशी जाऊन बायकोला विचारायचा, "तुला आज काय खावंसं वाटतंय?"

तात्पर्य: मायेने काही द्यायचं असेल, तर आधी आपली हौस बाजूला ठेवावी आणि घेणाऱ्याची भूक ओळखावी.