चंदाईचा चिमटा

एका राज्यात, जिथे वेशीवर रोज दुधाचा सडा पडे, एक मोठी चोख रीत होती. परमुलखातून फूल येवो की फळ, वेशीवर त्याचे किडे निवडून जाळायचे आणि मगच ते आत घ्यायचे. राजा वज्रसेनाला किड्याची शिसारी होती, म्हणून साऱ्या राज्याने ती धरायची. हे निवडायचे काम चंदाईचे. हाती चांदीचा चिमटा, आणि नजर अशी की राईवरची धूळही तिला दिसावी.

एकदा पलीकडच्या मुलखातल्या कालिंजर जादूगाराने राजाला निळ्या फुलांची वेल धाडली. तिच्यावर तांबडे किडे होते. चंदाईने रीतीप्रमाणे एकूण एक निवडून जाळले आणि राजाने वेल तळ्याकाठी लावली. मग काय विचारता! महिन्याभरात वेलीने तळे झाकले, लव्हाळी दाबली, शेते गिळली. तिच्या सावलीत जो टेकला तो निजला, तो उठेना. चंदाईची लेक पोवळी पाण्याला गेली, घटकाभर बसली, ती तिथेच राहिली. वेल कापावी तर एकीच्या दोन होत.

राजा म्हणाला, "जादूगाराने दगा केला. आता देवाची मर्जी."

चंदाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेक हिची, हौस राजाची, आणि मर्जी म्हणे देवाची.

बांधावरची टिटवी बोलली, "बाई, ही वेल तिच्या मूळ मुलखात वीतभरच वाढते. तिथे तिला खाणारे आहेत. इथे त्यांना कुणी जाळले?"

चंदाईने मान खाली घातली. "मी."

"तर मग तूच जा."

सात डोंगर ओलांडून ती कालिंजराच्या दारी उभी राहिली. तोही संतापलेलाच होता.

"मी वेल धाडली, तिचा वैरीही धाडला. जोडी तुम्ही फोडलीत. शाप माझ्या वेलीत नव्हता, तुमच्या चिमट्यात होता. माझ्या मुलखातल्या तीन जागा निर्जीव आहेत असे तुझा राजा म्हणतो. तिथून तीन जीव आण, मग किडे ने."

पहिली जागा खाऱ्या पाण्याचे सरोवर. काठावर मिठाचे थर, पाखरू फिरकत नव्हते. चंदाईने ओंजळ उन्हाला धरली, तर तिच्यात केसाएवढी गुलाबी कोळंबी पोहत होती. दुसरी जागा उकळता झरा. तिथे दगडाला हिरवे शेवाळ धरले होते, जे गार पाण्यात मरते. तिसरा नुसता बोडका कडा. तिथे तिला एक वाळकी गुंडाळी सापडली. तिने ओला पदर पिळला तशी ती उलगडली आणि नेचा झाली. जन्मभर ज्यांना वेचून मारले, तसल्याच चिमुकल्यांनी आज तिची लाज राखली. कालिंजराने तिन्ही जीव पाहिले आणि किड्यांची डबी तिच्या हाती दिली.

वेशीवर राजा आडवा आला. "रीत म्हणजे रीत. किडे जाळा."

"महाराज, सोवळे तुमचे आणि सोसायचे आम्ही, हे कुठवर चालायचे? हा घ्या चिमटा. तुम्हीच निवडा. पण तळ्याकाठी, माझ्या पोवळीच्या उशाशी बसून निवडा."

राजाने तळ्याकडे पाहिले, वेलीच्या सावलीकडे पाहिले. त्याचे पाऊल काही उचलेना. तो बाजूला झाला.

चंदाईने डबी उघडली. किडे वेलीवर चढले, दुसऱ्या पानाला त्यांनी तोंड लावले नाही. पंधरवड्यात वेल वीतभर उरली. ती मेली नाही, किडेही संपले नाहीत. दोघे एकमेकांना धाकात ठेवून राहिले. लव्हाळी वर आली, मासे दिसू लागले, निजलेले उठून घरी गेले. वेशीवरची रीत राजाने दवंडी पिटून मोडली.

पोवळीने डोळे उघडले तेव्हा तिच्या गालावर एक तांबडा किडा चालत होता. सवयीने चंदाईची दोन बोटे पुढे झाली. मग तिने हात मागे घेतला, आणि किडा आपल्या वाटेने खाली उतरेपर्यंत ती लेकीजवळ बसून राहिली.