अंबूबाईचं अर्धं सांगणं

एका बाजारपेठेच्या गावात अंबूबाई नावाची एक शिंपीण राहत होती. तिच्या हातचं पोलकं अंगावर चढलं की पुन्हा उसवावं लागत नसे, असा तिचा लौकिक. पण पन्नाशी उलटली आणि उजव्या हाताने दगा दिला. मनगट सुजून ठणकू लागलं. बोटांना मुंग्या येत; रात्री झोपेतून उठून ती हात झटकत बसे. पुढे बोटं इतकी बधिर झाली, की चिमटीतली सुई गळून पडली तरी तिला पत्ता लागेना.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी हात तपासला. त्या म्हणाल्या, "अंबूबाई, तुमच्या मनगटात दोन दुखणी आहेत. सांधा झिजलाय, ते एक. बोटांकडे जाणारी नस दबलीय, ते दुसरं. ऑपरेशन करून मी नस मोकळी करीन. मुंग्या जातील, बोटांना कळायला लागेल. सांध्याची झीज मात्र त्याने भरून येणार नाही. तो थोडाफार दुखणारच."

अंबूबाईने मान डोलावली. पण तिच्या मनाने धरलं ते एवढंच, की ऑपरेशन झालं की हात पहिल्यासारखा होणार.

ऑपरेशन झालं, जखम भरली. काही महिन्यांनी जाड कापडावर कात्री चालवताना मनगटात कळ आली आणि अंबूबाईचा हिरमोड झाला. कोणी विचारलं की ती फटकन म्हणे, "कसलं ऑपरेशन नि कसलं काय! फुकटची चिरफाड. हात दुखायचा तो दुखतोच आहे."

शेजारच्या खानावळीत हौसाबाई भाकऱ्या थापायची. तिच्याही बोटांना मुंग्या येत. डॉक्टरीणबाईंनी तिलाही ऑपरेशन सांगितलं होतं. अंबूबाईचं बोलणं ऐकून तिने धसका घेतला आणि ती गेलीच नाही.

एका दुपारी हौसाबाई अंबूबाईच्या दारात आली. "अंबू, जरा बघ गं," म्हणत तिने हात पुढे केला. बोटांवर मोठाले फोड होते.

"अगंबाई! कशाने भाजलं?"

"तव्याने. हात टेकला होता, मला कळलंच नाही. करपल्याचा वास आला तेव्हा खाली बघितलं."

अंबूबाईने तिचा हात हातात घेतला. फोडाची ताणलेली कातडी, भोवतीची ऊब, सगळं तिच्या बोटांना लागत होतं. गेले कित्येक महिने ती रात्रभर शांत झोपत होती, सुई चिमटीत नीट धरत होती. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. आता सांगावं तर गावभर केलेलं बोलणं खोटं पडणार. पण समोर ते फोड होते.

"हौसा, मी तुला अर्धंच सांगितलं. मनगट दुखतं, हे खरं. पण मुंग्या गेल्या. झोप लागते. तुझ्या हाताची ऊब मला कळतेय."

"मग फुकटची चिरफाड म्हणालीस ते?"

"जे राहिलं त्याचाच राग धरून बसले गं. जे बरं झालं, ते बोललेच नाही. बोलले मी, आणि भाजलीस तू."

हौसाबाईने आपला हात मागे घेतला. मग म्हणाली, "उद्या येशील माझ्याबरोबर?"

दोघी मिळून तालुक्याला गेल्या. हौसाबाईचं ऑपरेशन झालं. हळूहळू तिच्या बोटांत जाणीव परतली. अंगठ्याचं टोक मात्र बधिरच राहिलं, कारण उशीर झाला होता. हौसाबाईने ते कधी बोलून दाखवलं नाही, पण अंबूबाई ते विसरली नाही. त्यानंतर कोणी ऑपरेशनबद्दल विचारलं, की ती मशीन थांबवून त्या बाईला जवळ बसवून घेई आणि काय गेलं नि काय राहिलं, दोन्ही सांगे.

तात्पर्य: उपचार ज्या दुखण्यावर केला, त्याच दुखण्यावरून तो जोखावा; आणि आपला अनुभव दुसऱ्याला सांगताना, उरलेल्या त्रासाइतकाच मिळालेला आरामही सांगावा.